चौसष्ट जोड

गेल्या महिन्यात उम्म अल हस्समला आपल्या मराठी मंडळींचा घरगुती कार्यक्रम होता. मला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, आणि जाताना सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "मेजर, स्मरणिकेसाठी फौजेतलं काहीतरी लिहून द्या. सीमेवरचं. थरारक असू दे."

पहिली गोष्ट, मी मेजर नाही. हवालदार म्हणून निवृत्त झालो. पण आमच्या माण तालुक्यात फौजेतून परत आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, आणि ते नाव समुद्र ओलांडून इथंही माझ्या मागं आलं. नाकारून दमलो, आता ओ देतो. त्याच कार्यक्रमात एका चिमुरडीनं विचारलं, "अंकल, डिड यू एव्हर शूट समवन?" तिच्या आईनं तिला दटावलं. मी म्हणलं, "नाही बाळा." पोरगी हिरमुसली. तिला काय सांगणार?

एकवीस वर्षं इन्फन्ट्रीत काढली. दोनदा बर्फात होतो, एकदा वाळवंटात. सेक्शन कमांडर म्हणून दहा माणसं हाताखाली असायची. त्या सगळ्या काळात माझ्या हाताखालचा एकही माणूस गेला नाही. माझा माणूस गेला तो इथं, बहारीनमध्ये, सलमाबादच्या लेबर कॅम्पात, भर दुपारी. लिहायचं तर मी तेच लिहीन. थरारक वाटलं नाही तर खुशाल छापू नका.

निवृत्तीनंतर दीड वर्ष गावात होतो. पहाटे पाचला जाग यायची आणि पुढं काय करायचं ते कळायचं नाही. बायको म्हणायची, "घरात सारखे ऑर्डरी सोडू नका, इथं कुणी रिक्रूट नाही." शेवटी एका ओळखीतून व्हिसा आला. सिक्युरिटी गार्ड म्हणून आलो, आठ महिन्यांत कॅम्प सुपरवायझर झालो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. बांधकामाची कंपनी, आणि कॅम्पात चौसष्ट माणसं.

कॅम्प म्हणजे मधे सिमेंटचं आवार आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छपराच्या खोल्यांच्या ओळी. प्रत्येक ओळीपुढं व्हरांडा. गेटजवळ मेस. मागच्या ओळीची शेवटची खोली सात नंबर. तिच्या बाजूच्या भिंतीला लागून दुसऱ्या कुणाचं तरी फर्निचरचं गोदाम होतं. मागं अरुंद बोळ. कुणी नवा आला की मी त्याला आधी हे सगळं फिरवून दाखवायचो. लोक हसायचे, "मेजर जागा बघायला नेतात, जशी काय सोयरीक जमवायचीय."

माझं काम एकच होतं. जितके आत तितके बाहेर. फौजेत पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. पेट्रोलला जाताना गिनती, परत आल्यावर गिनती. आकडा जुळला नाही तर कुणी बूट काढायचे नाहीत. मी इथंही रोज फॉल-इन लावला. साडेबाराला रजिस्टर घेऊन उभा राहायचो, नाव पुकारायचो, माणूस "हाजिर" म्हणायचा, मी खूण करायचो. फौजेत आम्ही प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजायचो. इथंही आधी तसंच केलं, पण लोकांनी कुरकुर केली, "शेरडं मोजता काय मेजर?" म्हणून हात लावणं सोडलं आणि नुसत्या आवाजावर आलो.

रजिस्टरमधलं पहिलं नाव युसूफ चाचांचं. कॅम्पाचे केअरटेकर. म्हसळा तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचे, साठी केव्हाच ओलांडलेली. बाविसाव्या वर्षी आले तेव्हापासून सलमाबादेतच. त्यांच्या गावातून बहारीनला येणारा पहिला माणूस तोच. मागनं अर्धी वाडी आली ती त्यांच्या पायवाटेनं. मी विचारलं, "चाचा, तेव्हा इथं काय होतं?" म्हणाले, "वाळू आणि कुत्री. बाकी मफी, काय नाय." पाणी टँकरनं यायचं. टँकर नाही आला तर त्या दिवशी तोंडही धुवायचं नाही. पहिले सहा महिने ते आणि आणखी चौघे प्लायवूडच्या फळ्यांवर झोपले. या कॅम्पाचा पहिला पत्रा त्यांनी स्वतःच्या हातानं ठोकला. अमुक भिंत कधी पाडली, खिडकीतले जुने एसी काढल्यावर भोकं कशानं बुजवली, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. नकाशा कुणाकडंच नव्हता.

त्या काळात तांब्याच्या केबल आणि डिझेल चोरायला लोक यायचे. वस्तीपासून लांब, पोलिस यायला वेळ लागायचा. मग या पाचांनी आपली गस्तीची पार्टी केली. हातात लोखंडी पाइप, दंडाला हिरव्या कापडाची पट्टी. पाळीपाळीनं पहारा. दोनदा चोर पळवले, एकदा स्वतः मार खाल्ला. चाचांच्या भुवईवर त्याची खूण होती. मला हसू यायचं. मी म्हणलं, "चाचा, तुमच्या पलटणीचं नाव काय?" म्हणाले, "हस, हस. तुजी पलटण पगारी होती, माजी फुकट."

मी कॅम्पात आठ जणांची फायर पिकेट उभी केली. वाळूच्या बादल्या, एक्स्टिंग्विशर, शिट्टी, दोन वॉकीटॉकी. दर शनिवारी ड्रिल. पहिल्याच ड्रिलला चाचा येऊन उभे राहिले. दंडाला तीच हिरवी पट्टी, ट्रंकेतून काढलेली, विटलेली.

"चाचा, तुमचं वय बसत नाही."

"माजी सर्विस तुज्यापेक्षा जास्त आहे, हवालदार. लिही नाव."

लिहिलं. काय करणार?

कॅम्पात मला हवालदार म्हणणारे ते एकटेच. बाकीच्यांचा मी मेजर. खरी रँक त्यांनी एकदा विचारून घेतली आणि पुढं कधी वाढवली नाही.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर चालायचं. मी नावं मोजायचो, ते चपला मोजायचे. इथं खोलीत कुणी चप्पल घालून जात नाही. प्रत्येक दाराबाहेर व्हरांड्यात जोड मांडलेले असतात. चाचा हात मागं बांधून फेरी मारायचे, नजर खाली. कुणाची चप्पल कोणती ते त्यांना तोंडपाठ. सगळ्यांच्या रबरी, आणि चाचांच्या एकट्याच्या तपकिरी चामड्याच्या, रुंद पट्ट्यांच्या, इथले लोक घालतात तशा. मनामाच्या बाजारातून घेतलेल्या. दर गुरुवारी तेल लावून पुसायचे.

"हवालदार, तुजा रजिस्टर तोंडावर चालतो. माणूस दुसऱ्याच्या नावाचा हाजिर बोलेल. दुसऱ्याची चप्पल दारात कोण काढील?"

"चाचा, चपला मोजायला ही काय मशीद आहे?"

"मशीदच समज. चौसष्ट माणसं इथं डोळे मिटतात."

मी त्यांना उडवून लावायचो. ते मला. पण संध्याकाळी मेसमध्ये चहा घेताना दोघांचा आकडा पडताळून बघायचो. बहुतेक जुळायचा.

आता भानुदासचं सांगतो. भानुदास आमच्या शेजारच्या वाडीचा. परांची बांधणारा, वय एकतीस, दोन पोरी. त्याला मी आणला. निघताना त्याची आई आमच्या अंगणात आली होती. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मेजर, माझं लेकरू तुमच्या हवाली. जसं नेताय तसं आणून द्या." मी म्हणलं, "मावशी, काळजी करू नका." माणूस असं बोलून जातो. आपण काय शब्द दिला ते नंतर कळतं.

उन्हाळ्यात इथं दुपारी बारा ते चार उघड्यावरचं काम बंद असतं. सगळ्यांनी कॅम्पात थांबायचं, म्हणून तर साडेबाराचा फॉल-इन. भानुदासनं काय केलं, तर तेवढ्या वेळात उम्म अल हस्समच्या एका बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये गाड्या धुवायचं काम धरलं. मागच्या बोळात कंपाउंडच्या भिंतीला खिंडार होतं, तिथनं जायचा, तिथनंच यायचा. मला कळल्यावर मी त्याला झापला.

"भान्या, व्हिसा एकाचा आणि काम दुसऱ्याचं. सापडलास तर थेट विमानात बसवतील. आईला काय सांगू?"

"मेजर, दोनच महिने. थोरलीला ऐकू येत नाही. कानाचं ऑपरेशन करायचंय. ते झालं की सोडलं."

मी त्याला जाऊ दिलं. मलाही एक मुलगी आहे.

दुसऱ्या दिवशी फॉल-इनला त्याचं नाव पुकारलं. मागच्या रांगेतनं आवाज आला, "हाजिर." आवाज चाचांचा. चाचांचा आवाज खर्जातला, भानुदासचा पातळ. ओळखायला फौजेत जावं लागत नाही. मी मान वर केली. चाचा आकाशाकडं बघत उभे होते. दाढी हलत होती, हसू दाबत होते. मी खूण केली आणि पुढचं नाव वाचलं.

असं दोन महिने चाललं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. संध्याकाळी चाचा म्हणायचे, "आज दुपारी तुजे चौसष्ट, माजे त्रेसष्ट." आणि डोळा मारायचे. फौजेत मी अशा खुणेसाठी एका लान्सनायकाला पाठीवर पिठ्ठू, म्हणजे भरलेली पिशवी, लावून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. इथं मी स्वतः केली. ही माझी चूक. तिला दया, माणुसकी असलं काही नाव देऊ नका. मला ते ऐकवत नाही.

ऑगस्टचा शेवट. मंगळवार. हवा अशी की दाराची कडी हाताला चटका द्यायची. साडेबाराला फॉल-इन झाला. चौसष्ट पुकारले, चौसष्ट आवाज आले. भानुदास बारालाच गेला होता. त्याचा हाजिर चाचांनी दिला. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती आणि टीव्ही मेसमध्ये. जेवणं झाल्यावर बहुतेक लोक तिथंच पसरले. सात नंबरचे उरलेले पाचही मेसमध्ये होते.

भानुदासला बेसमेंटमध्ये गाडी पुसता पुसता चक्कर आली. तिथल्या वॉचमननं पाणी पाजून एका पिकअपमध्ये बसवून परत पाठवला. सव्वाच्या सुमाराला तो खिंडारातून आत आला, कुणाला दिसला नाही. दारात चप्पल काढली, एसी लावला, डोक्यावरून चादर घेतली आणि पडला. हे सगळं नंतर कळलं.

एक चाळीसला वॉकीटॉकी वाजला. गेटवरचा गार्ड होता.

"कॅम्प, गेट बोल रहा हूँ. पीछे धुआँ. सात नंबर साइड. ओव्हर."

"कितना?"

"काला है साब. बहुत काला."

मी बाहेर आलो. गोदामातलं फोम पेटलं होतं. फोमचा धूर कधी पाहिला नसेल तर सांगतो, तो वर जात नाही, अंगावर येतो. शिट्टी मारली. पिकेट धावली. दोघांना मागच्या ओळीवर सोडलं, दारं वाजवत "खाली करो, खाली करो." एकाला मेन स्विचवर. गेटला सांगितलं, सिव्हिल डिफेन्सला फोन लाव. चार मिनिटांत सगळे गेटजवळ फॉल-इन झाले. दोन महिन्यांच्या ड्रिलचं चीज झालं असं मला त्या क्षणी वाटलं. होय, वाटलं. लपवून काय करू?

मागच्या ओळीवर गेलेला पिकेटवाला खोकत आला.

"सात नंबर?" मी विचारलं.

"दार वाजवलं मेजर. आवाज नाही. धूर लई आहे. ते सगळे मेसमध्येच होते की."

मी रजिस्टर उघडलं. नावं वाचत गेलो, भराभर. सात नंबरवर आलो. पाच हाजिर आले.

"भानुदास?"

"हाजिर."

खर्जातला आवाज. सवयीनं दिला त्यांनी. सवयीनं घेतला मी. माझ्या डोक्यात भानुदास त्या वेळी उम्म अल हस्समला होता, सुरक्षित, थंड बेसमेंटमध्ये. मी खूण केली.

एक बावन्नला बंब आला. त्यांचा ऑफिसर तरणा होता, बहारीनी. गाडीतनं उतरता उतरताच विचारलं, "हाऊ मेनी?"

"सिक्स्टी-फोर. ऑल आउट, सर."

"अकीद?" म्हणजे नक्की ना.

मी रजिस्टर पुढं केलं. "अकीद."

त्यानं मान हलवली आणि आपली माणसं गोदामाकडं वळवली. बरोबरच केलं. आत कुणी नाही म्हणल्यावर तो खोल्यांमध्ये का माणसं घालेल? माझ्या एका शब्दावर त्यानं होजचं तोंड तिकडं फिरवलं.

दोन मिनिटं गेली असतील. वारा पडला होता तो जरा हलला आणि मागच्या ओळीवरचा धूर एकदम उचलला गेला. चाचा माझ्या शेजारी उभे होते. सवयीनं त्यांची नजर खाली, व्हरांड्यावर. एकेका दारावरून सरकत गेली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हवालदार. साताच्या दारात जोड आहे."

मी बघितलं. निळ्या पट्ट्याची चप्पल. एक पट्टा तुटलेला आणि बाइंडिंग वायरनं बांधलेला. परांचीवाल्याशिवाय तसं कोण बांधतं?

"जुनी असेल," मी म्हणलं. माझाच आवाज मला परका वाटला. "तो बाहेर आहे, चाचा."

"साडेबाराला तिथं नव्हती."

मी ऑफिसरच्या नावानं ओरडलो, वन मॅन इनसाइड, रूम सेव्हन. होजच्या आणि इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. मी त्याच्याकडं धावलो. दहा-बारा पावलं गेलो असेन. वळून बघतो तर चाचा आवार ओलांडत होते. पळत नव्हते. झपझप चालत होते, डोक्यावरचा रुमाल पाण्याच्या बादलीत बुडवून तोंडाला बांधत.

"चाचा! थांबा! त्यांची माणसं जातील! ऑर्डर आहे माझी!"

त्यांनी मागं न बघता हात वर केला.

"हाजिर मी बोललो. मीच आणतो."

हेच त्यांचे माझ्याशी शेवटचे शब्द. आणि मग त्यांनी जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सात नंबरच्या दारात, वरून छपराचे पत्रे कडकडत असताना, त्यांनी दोन्ही चपला काढल्या. एक, मग दुसरी. पायानंच नीट सरळ केल्या, भानुदासच्या जोडीशेजारी. मग आत गेले.

चाळीस-बेचाळीस वर्षांची सवय. आगीला विचारून थोडीच सुटणार?

मी दारापर्यंत पोचलो. तोंडावर अशी आच आली की पाय आपोआप मागं झाले. बर्फात मी कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून माणूस काढलेला आहे. इथं माझे पाय मागं झाले. पुन्हा पुढं गेलो तेव्हा सिव्हिल डिफेन्सच्या दोघांनी मला कवेत धरून ओढलं. त्यातल्या एकाला मी शिवी दिली, मराठीत. नंतर जाऊन माफी मागितली.

भानुदास मागच्या बोळात सापडला. कोपरं सोललेली, तोंड काळं, पण श्वास चालू. दोन दिवसांनी हॉस्पिटलात त्यानं मला सांगितलं ते असं. खोकल्यानं जाग आली, पण दार कुठं ते कळेना. कुणीतरी मानेला धरून जमिनीवर ओढलं. मागच्या भिंतीत, पलंगाच्या मागं, जुन्या एसीचं भोक होतं, प्लायवूड मारून बुजवलेलं. ते तिथं आहे हे आमच्यात फक्त चाचांना माहीत होतं, कारण प्लायवूड त्यांनीच मारलेलं. त्यांनी लाथेनं ते फोडलं. म्हणाले, "यल्ला, डोकं आधी घाल." आणि मागून ढकललं.

"मी बाहेर पडलो मेजर, आणि लगेच हात आत घातला. त्यांचा हात लागला. धरला पण. मग सुटला. पुन्हा घातला, तेव्हा लागला नाही."

एवढं बोलून तो भिंतीकडं तोंड करून रडला. मी पण रडलो. वॉर्डातली नर्स केरळची, तिनं पडदा ओढून घेतला.

चाचांना दोन वीसला बाहेर काढलं. भोकाच्या खालीच होते, गुडघ्यांवर. अंगाला फारसं भाजलं नव्हतं. धुरानं गेले. तो तरणा ऑफिसर हेल्मेट काढून त्यांच्या शेजारी बसला, "अल्ला यरहमा" म्हणाला, म्हणजे अल्ला यांच्यावर दया करो. मग माझ्याकडं बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं.

चौकशी झाली. व्हायलाच हवी होती. विचारलं, यादीत भानुदासला हजर कुणी दाखवलं? मी म्हणलं, मी. त्याच्या जागी आवाज कुणी दिला? मी म्हणलं, नाव वाचणारा मी, आवाज ओळखणारा मी, खूण करणारा मी. आणखी कुणाला विचारायची गरज नाही. बाहेर काम केल्याबद्दल भानुदासला परत पाठवतील असं वाटलं होतं. कुणाला काय वाटलं कुणास ठाऊक, समज देऊन ठेवून घेतला. मला सुपरवायझरवरून काढलं. बरोबर केलं. आता अरादला एका बिल्डिंगच्या गेटवर असतो. गाड्यांचे नंबर लिहितो.

म्हसळ्याला फोन मीच केला. चाचांचा मुलगा तिकडं शाळेत मास्तर आहे. त्याला सगळं सांगितलं, हाजिरचंही. चौकशीत जे सांगितलं नाही ते त्याला सांगितलं. म्हणलं, माझ्यामुळं तुमचे वडील गेले.

त्यानं विचारलं, "चपला काढून आत गेले?"

"होय."

"अम्मीची सवय," तो म्हणाला. "घरात पाय टाकला की ती आधी पायाकडं बघायची. पन्नासदा ओरडायची त्यांना. सांगतो तिला." आणि फोन ठेवला. पुढं त्यानंच कळवलं, अब्बांना तिथंच ठेवा, आयुष्य तिथंच गेलं. हे लिहिण्याआधीही मी त्याला विचारलं. म्हणाला, "लिहा. अब्बांचं नाव लपवू नका."

कागदपत्रांना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी दफन होतं. कंपनीनं अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. दोन बसमधून सगळा कॅम्प गेला. भानुदासही आला, हॉस्पिटलातून आदल्या दिवशीच सोडला होता. हातात एक प्लास्टिकची पिशवी होती. मी विचारलं नाही. औषधं असतील असं वाटलं.

जनाज्याची नमाज उघड्यावरच होती. सतरंज्या अंथरल्या होत्या. आमच्यातले मुसलमान पुढं उभे राहिले, बाकीचे मागं. कुणी सांगितलं नव्हतं, पण आमच्या कॅम्पातल्या सगळ्यांनी चपला काढून एका कडेला वेगळ्या ओळीनं लावल्या. मी बाजूला उभा होतो. मला कुणाच्या नजरेला नजर देता येत नव्हती, म्हणून खाली बघत होतो. आणि खाली बघता बघता मोजायला लागलो.

माझे बूट मी मोजत नाही. मी रजिस्टरात नाही. कॅम्पात आता त्रेसष्ट माणसं. जोड भरले चौसष्ट.

फौजी आहे, आकडा जुळला नाही की जीव थाऱ्यावर राहत नाही. कुणीतरी बाहेरचा आमच्यात आला असेल म्हणून माणसं मोजली. त्रेसष्टच. पुन्हा पहिल्यापासून जोड मोजायला घेतले, एकेक बघत, चाचा बघायचे तसे. रबरी, रबरी, रबरी. शेवटून दुसरा जोड निळ्या पट्ट्याचा, वायरनं बांधलेला. त्याच्या शेजारी तपकिरी चामड्याचा, रुंद पट्ट्यांचा. एका बाजूनं आचेनं आकसलेला, पण तेल लावून पुसलेला.

भानुदास शेवटच्या रांगेत अनवाणी उभा होता. रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. नमाज अजून सुरू व्हायची होती. मी पुढं गेलो आणि त्याच्या खांद्याला हात लावला. मग त्याच्या शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. कुणी कुरकुर केली नाही. पहिल्या रांगेपर्यंत गेलो. त्रेसष्ट खांदे झाले. मग जनाज्याशी वाकलो, लाकडाला हात लावला, आणि मनात आकडा पुरा केला.